धुतलेली सिमकार्डं

धाकटीने पँट धुतली यात तिची तशी काही चूक नव्हती. तीन पिढ्या लोकांचे कपडे धुऊन मोठ्या झालेल्या या घरात दोन नियम होते. गिऱ्हाइकाचा कपडा पाण्यात घालण्याआधी त्याचे खिसे तपासायचे, हा पहिला. घरच्या माणसाचे खिसे मात्र कधीही तपासायचे नाहीत, हा दुसरा. दुसरा नियम आजोबांच्या वेळचा. आजीने एकदा त्यांच्या कोटाच्या खिशात हात घातला आणि पुढे जे रामायण झालं ते घरात अजून सांगतात. तेव्हापासून दुकानात परक्यांचे रुमाल, चाव्या आणि प्रेमपत्रं सुखरूप बाहेर निघत, आणि घरच्यांची बिनदिक्कत धुतली जात.

तर परदेशातल्या त्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, परतीच्या आदल्या दिवशी दुपारी, दादांची राखाडी पँट यंत्रातून बाहेर आली तेव्हा तिच्या चोरखिशात चार सिमकार्डं होती. चारही लख्ख धुतलेली.

“चांगली निघालीत की,” धाकटी म्हणाली. “एकावर डाग नाही.”

“आणि चिंध्या?” दादांनी विचारलं.

चिंध्या यंत्राच्या तळाशी एकमेकींना बिलगून बसल्या होत्या. प्रत्येक चिंधीवर काळ्या न पुसणाऱ्या शाईत दादांचं सुवाच्य अक्षर होतं: दादा, थोरली, बाळ, बेबी. दुकानात येणाऱ्या प्रत्येक कपड्याला अशी खुणेची चिंधी लागते. ती चादरीला टाक्याने लागते, सिमकार्डाला डिंकाने. शाई टिकली होती, डिंक विरघळला होता.

“दादा, एवढं काय,” बाळ म्हणाला. दादांचा हा धाकटा भाऊ, म्हणजे धाकटीचा नवरा, सेहेचाळीस वर्षांचा होता आणि दुकानाचं संगणकावरचं बिल तोच करायचा, तरी घरात तो बाळच. “चार कार्डं आहेत. एकेक घालून बघू.”

“एकेक घालून बघू म्हणे! तुझ्या तीर्थरूपांचं आहे का रोमिंग?”

तीर्थरूप दोघांचे एकच होते. पण दादांना ते सुचवण्याची ही वेळ नव्हती.

रोमिंगची धास्ती दादांना शेजारच्या रंगवाल्याने लावून दिली होती. तो एकदा परदेशात आठवडाभर फोन खिशात चालू ठेवून फिरला आणि घरी परतल्यावर बिल बघून म्हणे खुर्चीतच कलंडला. त्या बिलाचा आकडा रंगवाला दर वेळी नवा सांगे, आणि प्रत्येक नवा आकडा जुन्यापेक्षा मोठा असे. त्यामुळे धुलाईयंत्रांचं प्रदर्शन बघायला सगळ्या भागीदारांनी मिळून परदेशात जायचं ठरलं, तेव्हा दादांनी विमानतळावर थोरल्या वहिनींच्या, म्हणजे स्वतःच्या बायकोच्या, पर्समधली सेफ्टी पिन घेतली आणि एखाद्या दंतवैद्याच्या निर्विकारपणे सगळ्यांच्या फोनमधली सिमं उपटली. धाकटीचं तेवढं वाचलं. तिच्या फोनचं सिम फोनच्या पोटातच असतं, ते निघत नाही. तिला शपथ घालून ते बंद करायला लावलं.

मग इथे उतरल्यावर दादांनी तीन दुकानं घासून एक स्थानिक सिम घेतलं. माणसं पाच आणि सिम एक. ते दादांच्या फोनमध्ये, दादांच्या हॉटस्पॉटवर बाकीचे. फ्लॅटही त्यांनी वायफाय नसलेलाच निवडला होता, थोडा स्वस्त पडला म्हणून. परिणाम असा झाला की अख्खं प्रदर्शन हे कुटुंब दोरीने बांधल्यासारखं एका घोळक्यात फिरलं. दादा इस्त्रीच्या यंत्राकडे वळले की वाफेच्या यंत्राचे फोटो कुणाला पाठवता येत नसत. पासवर्ड रोज सकाळी बदले आणि चहाच्या वेळी जाहीर होई, तोही ज्याने कप विसळला त्याला आधी.

खरं सांगायचं तर दादा या चार दिवसांत दहा वर्षांनी तरुण झाले होते. घरी, बाळने संगणक आणल्यापासून, त्यांना कुणी काही विचारेनासं झालं होतं. गल्ल्यावर बसायचं, मान हलवायची. इथे सकाळपासून “दादा, जरा चालू करता का”, “दादा, एकच मिनिट” सुरू व्हायचं, आणि त्यांना ते फार आवडत होतं. आवडतं असं त्यांनी मेले तरी कबूल केलं नसतं.

आणि आज पॅक संपला होता.

“कोणी संपवला ते विचारत नाही,” असं म्हणून दादांनी धाकटीकडे बघितलं. धाकटीच्या मालिकेत काल लग्नाचा भाग होता. “आता पुन्हा भरायचा तर कार्डाने पैसे भरायला हवेत. कार्डाला ओटीपी लागतो. ओटीपी माझ्या नंबरवर येतो. आणि माझा नंबर,” त्यांनी टेबलावरच्या चार चकत्यांकडे हात केला, “यांच्यात कुठेतरी पोहतोय.”

“मग नको ना भरायला,” थोरल्या वहिनी म्हणाल्या. “उद्या तर जायचंय. एक दिवस नाही बघितला फोन तर काय मरतो का माणूस?”

टेबलाच्या टोकाला बसलेल्या बेबीच्या हातातला चहाचा कप बशीवर जरा जोरात टेकला.

बेबी, दादांची बहीण, एक्कावन्न वर्षांची होती. आईच्या लांबलेल्या आजारपणात तिचं लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं, आणि दुकानातलं कपडे दुरुस्तीचं काउंटर मात्र तिच्या नावावर झालं. चार दिवस ती दादांच्या मागे मागे फिरत होती, ती यंत्रांसाठी नव्हे. याच शहरात एक गृहस्थ राहत होते. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. दीड वर्षापूर्वी ते मायदेशी आले असताना दुकानात आले होते, आणि तेव्हापासून रोज दुपारी काउंटर रिकामं असताना दोघं फोनवर बोलत होती. त्यांनी विचारलं होतं. तिने म्हटलं होतं, आधी घर बघते, मग सांगते. आज दुपारी भेटायचं ठरलं होतं. पत्ता ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार होते.

पत्ता आला नव्हता. म्हणजे आला असेल, पण तो दादांच्या हॉटस्पॉटच्या पलीकडे कुठेतरी अडकला होता. काल घोळक्यातून मागे पडून ती एका कॅफेच्या फुकट वायफायसाठी पावसाळी वाऱ्यात दाराशी उभी राहिली, तर ते वायफाय म्हणालं, तुमच्या नंबरवर कोड पाठवलाय. नंबर दादांच्या चोरखिशात होता. सिम मागावं, तर दादा विचारणार, कशाला? आणि या प्रश्नाला उत्तर देण्याची हिंमत बेबीला एक्कावन्न वर्षांत झाली नव्हती. आज पत्ता मिळाला नाही तर उद्या विमान होतं, आणि पुन्हा इथे तिला कोण आणणार होतं?

“भरून टाक ना, दादा,” ती म्हणाली. “विमानाचं काही कळायचं असेल तर?”

दादांना हे पटलं. विमान चुकणं रोमिंगपेक्षा महाग होतं.

“बसा सगळे,” ते म्हणाले. “आणि मधे बोलू नका.”

बाळ म्हणाला, “मेसेज यायला पैसे पडत नाहीत, दादा. सेटिंगमध्ये नंबर पण दिसतो.”

“सेटिंगला हात लावायचा नाही. रंगवाल्याने सेटिंगलाच हात लावला होता.”

दादांनी पिनने स्थानिक सिम काढलं, पहिली चकती आत सरकवली आणि फोन टेबलाच्या मध्यावर ठेवला. पाच डोकी त्यावर वाकली. दादांचा चष्मा पँटबरोबर धुतला गेला नसला तरी सापडतही नव्हता, म्हणून वाचायचं काम बाळकडे आलं.

फोन किणकिणला.

“‘सस्नेह नमस्कार,’” बाळने उत्साहात सुरुवात केली. “‘आपण पसंत केलेली दोन खोल्यांची सदनिका…’” आणि तो थांबला.

“पुढे?” दादा म्हणाले.

“जाहिरात आहे.”

“जाहिरातीत ‘आपण पसंत केलेली’ असं लिहितात?”

वहिनींनी फोन स्वतःकडे ओढला. त्यांना लांबचं दिसत नसे, जवळचं उत्तम दिसे. “‘…आपल्या पत्नीच्या इच्छेनुसार स्वयंपाकघराची दिशा बदलून मिळेल. ताबा पुढच्या महिन्यात.’” त्यांनी फोन खाली ठेवला आणि धाकटीकडे बघितलं. “अगं, मला विचारायचंस तरी. मला पण त्या स्वयंपाकघराचा कंटाळा आलाय.”

धाकटी लाल झाली. “आम्ही सांगणारच होतो. घरी गेल्यावर. दादांचा मूड बघून.”

“माझा मूड?” दादा म्हणाले. “चार दिवस माझ्या हॉटस्पॉटवर बसून स्वयंपाकघराची दिशा बदलताय, आणि माझा मूड?”

“मालिका मी कमीच बघितली,” धाकटी म्हणाली, आणि पॅक कुठे गेला ते आता सगळ्यांना समजलं.

दादांना राग आला होता, पण त्याखाली दुसरंच काहीतरी होतं. मागे दुकानाच्या पाटीवर नाव कोणाचं यावरून दोघा भावांचं भांडण झालं होतं, तेव्हाही बाळ घर सोडून जायचं बोलला नव्हता. त्यांना एकदम आपण म्हातारे झाल्यासारखं वाटलं. ते वाटू नये म्हणून त्यांनी घाईघाईने सिम काढलं आणि दुसरं घातलं.

किणकिण. या वेळी वाचायला धाकटीने फोन झडप घालून उचलला. “‘अभिनंदन. गाडी मागे घेण्याची आपली चाचणी या वेळी समाधानकारक झाली. पक्क्या परवान्याची तारीख…’ अय्या, वहिनी!”

“तुम्ही गाडी शिकताय?” बाळ म्हणाला.

“शिकले,” वहिनी म्हणाल्या. “दोनदा खांबाला लागली. तिसऱ्यांदा नाही लागली.”

“अगं, पण कुठली गाडी? आपली गाडी?” दादांचा आवाज चिरकला. “मागच्या दिव्याला ती चीर…”

“तुम्ही म्हणालात ना, दूधवाल्याने पाडली. मी म्हटलं, असेल.”

धाकटीने वहिनींचा हात दाबला. घटकेपूर्वी एकमेकींकडे तिरक्या बघणाऱ्या दोन जावांची आता दादांविरुद्ध युती झाली. बाळ मात्र दादांच्या बाजूला सरकला, कारण त्या दिव्याचे पैसे त्याने बिचाऱ्या दूधवाल्याकडून भरून घेतले होते.

राहिली दोन सिमं. एक दादांचं, एक बेबीचं. निम्म्याला निम्मं.

बेबीला तिचं ओळखू येत होतं. कोपरा किंचित तुटका होता. मागे एकदा कात्रीचं टोक लागलं होतं. तिने दुसऱ्याकडे बोट केलं. “दादा, हे तुझं.”

ती बोट न दाखवती तर कदाचित बचावली असती. पण दादांनी आयुष्यात दुसऱ्याने दाखवलेली वस्तू उचलली नव्हती. भाजी घ्यायला गेले तरी भाजीवाल्याने पुढे केलेली जुडी बाजूला सारून खालची ओढायचे. त्यांनी तुटक्या कोपऱ्याचं सिम उचललं आणि फोनमध्ये घातलं.

बेबी उठून उभी राहिली. मग पुन्हा बसली.

फोन एकदा किणकिणला, दुसऱ्यांदा किणकिणला, आणि मग थांबेचना.

“हे तुझंच, दादा,” बाळ म्हणाला. “बँकच एवढं छळते.” आणि वाचू लागला. “‘पोहोचलात का?’ ‘व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही कालपासून दिसत नाही, काळजी वाटते.’ ‘साधा मेसेज करतो, हा तरी मिळेल.’” त्याचा आवाज हळू हळू उतरत गेला, पण एकदा सुरू केलेलं वाचन मधे सोडायची त्याला लहानपणापासून सवय नव्हती. “‘पत्ता: जुना पूल ओलांडलात की घड्याळाच्या दुकानावर, चौथा मजला. लिफ्ट चालू आहे, मीच बघतो तिच्याकडे. चारपर्यंत वाट बघेन. घर बघा, मग काय ते सांगा. नाही आलात तर मी समजेन. पुन्हा विचारून त्रास देणार नाही.’”

पत्ता मिळाला, हे बेबीच्या मनात सगळ्यात आधी आलं. लाज नंतर आली, आणि तीही तिला वाटलं होतं तितकी आली नाही.

“बँक नाहीये,” बाळ म्हणाला.

“कोण हा?” दादांनी विचारलं.

“लिफ्टवाले. दुकानात आले होते. त्यांच्या आईचं लोकरी जाकीट स्वतःच्या मापाचं करून हवं होतं.”

“तो? एका जाकिटासाठी तीनदा माप द्यायला आला होता तो!”

“चारदा,” बेबी म्हणाली. “जाकीट दुसऱ्यांदाच बसलं होतं.”

वहिनींच्या तोंडून हसू फुटलं. पण धाकटीला इथे संधी दिसली. सदनिकेवरची नजर हटत होती, ती पुन्हा वळायला नको होती. “म्हणजे ताई, आम्ही चोरून फ्लॅट बघितला तर केवढं झालं, आणि तुम्ही अख्खा माणूस? या वयात? लोक काय म्हणतील?”

“ताई, आधी त्याची चौकशी तरी करायची,” बाळने री ओढली. “मी करून देतो. नेट आलं की.”

“भाऊजी, तुम्ही दूधवाल्याची चौकशी केलीत तेवढी पुरे,” वहिनी म्हणाल्या. “आणि लोकांचं म्हणाल, तर लोकांचे कपडे आपण धुतो. कोणाचं काय ते आपल्याला ठाऊक आहे.”

दादांचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ते बेबीकडे बघत होते. त्यांना पुष्कळ काही म्हणायचं होतं. तू नसलीस तर दुपारचा डबा मी कोणाबरोबर खाऊ, हे म्हणायचं होतं. बाळ चालला, आता तूही चाललीस का, हे म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते असं:

“काउंटर कोण बघणार?”

बेबीच्या डोळ्यांत पाणी आलं. “आई गेली त्या संध्याकाळी तू मला हेच विचारलंस, दादा. उद्या काउंटर उघडशील ना? मी उघडलं. गिऱ्हाईक विचारायचं डोळे का सुजलेत, मी सांगायचे रिठ्याने. मला तेव्हा कोणी बस म्हणालं नाही, रड म्हणालं नाही. हा माणूस म्हणाला. जाकीट बाजूला ठेवून म्हणाला, आधी बसा.”

“बेबी, मी काही नाही म्हणत नाहीये,” दादा म्हणाले. “पण असं एकदम… घरी जाऊ, शांतपणे बोलू. आत्ता त्याला कळवून टाक, जमत नाही म्हणून. मेसेज टाक. मेसेजला कमी पडतात.”

हे शेवटचं वाक्य त्यांनी वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. वर्षानुवर्षं जीभ त्याच वळणाने जात होती, तशी आताही गेली. पण बेबीने ते ऐकलं, आणि तिचं सगळं भय एकदम उतरलं. एका माणसाच्या दीड वर्षाला नाही म्हणायचं, आणि तेही कमी पैशांत.

तिने दादांच्या हातातली पिन घेतली. कपड्यातला दोरा उसवावा तशा सराईतपणे सिम काढलं, स्वतःच्या फोनमध्ये घातलं आणि नंबर लावला.

“ताई, आउटगोइंग!” बाळ ओरडला.

“दुकानाच्या नंबरांचं बिल एकत्र येतं, ताई,” धाकटी म्हणाली.

“माझ्या भागातून कापा,” बेबी म्हणाली. आणि मग फोनमध्ये, अगदी वेगळ्या आवाजात: “हो, मीच. नाही, आत्ता मिळाला तुमचा मेसेज. तुम्ही आधी सांगा, जेवलात का?”

रोमिंगवर जेवलात का विचारणारं या घरातलं हे पहिलंच माणूस. बाळने डोळे मिटून घेतले. बेबीने खुंटीवरचा कोट एका हाताने अंगात चढवला. दुसरी बाही वहिनींनी धरली, कॉलर नीट केली आणि तिच्या पाठीवर हलकी थाप मारली. दार लागलं. जिन्यावरून खाली जाणारा बेबीचा आवाज ऐकू येत राहिला. ती त्यांना प्रदर्शनातल्या वाफेच्या यंत्राबद्दल सांगत होती, घाई नसल्यासारखी.

“अहो, तिने नीट ऐकला का पत्ता?” वहिनी म्हणाल्या.

दादा खिडकीशी गेले. खाली बेबी फोन कानाला लावून हसत निघाली होती, आणि चुकीच्या बाजूला निघाली होती. स्वस्त सिम शोधताना दादा हा सगळा भाग पायी तुडवून आले होते. जुना पूल कुठे आहे ते त्यांच्याइतकं घरात कोणालाच माहीत नव्हतं. तिला पाच मिनिटं तशीच जाऊ दिली असती तर ती पार गोदीकडे पोचली असती, आणि घड्याळात साडेतीन वाजून गेले होते. दादांना हे सगळं दिसत होतं. त्यांनी खिडकीची चौकट दोन्ही हातांनी धरली.

मग त्यांनी तावदान वर ढकललं आणि अर्धे बाहेर वाकले.

“बेबी! डावीकडे! पूल डावीकडे आहे!”

रस्त्यावरची चार माणसं थबकून वर बघू लागली. बेबीने वर बघितलं, हात केला आणि डावीकडे वळली. फोन कानालाच होता.

“अजून बोलतेच आहे,” धाकटी त्यांच्या मागून डोकावत म्हणाली. “दादा, पूल येईपर्यंत केवढं होईल!”

बेबी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली तरी दादा तिथेच उभे होते.

“बोलू दे,” ते म्हणाले.